सावरखेडीची मुक्कामी गाडी

सावरखेडी,
१८ नोव्हेंबर १९९८

चि. सौ. देविकास अनेक आशीर्वाद.

तुझे दिवाळीचे पत्र काल मिळाले. पाकिटावर तू "वेशीजवळ, मारुतीच्या पारासमोर" असे लिहिले होतेस. ती वेस आता नाही, पारही नाही. पोस्टमन नवा आहे. तो पत्र घेऊन दोन गावे फिरला आणि शेवटी शाळेत आला. यापुढे "ब-४७, नवी सावरखेडी" एवढे लिहीत जा.

नवे गाव कसे आहे, असे तू विचारलेस. मला वर्गात सांगतो तसेच सांगता येईल.

स्थान: जुन्या गावाच्या पूर्वेस तीन किलोमीटर, माळावर. जमीन: मुरमाड. जुने गाव नदीकाठी काळ्या मातीत होते. इथे कडुनिंब लावले तर दोन वर्षांत कमरेएवढे झाले, बाकी झाड नाही. उत्तरेस दगडाची खाण, दक्षिणेस शाळा. पाणी: दोन बोअर, एक टाकी. रस्ते रुंद आणि काटकोनात. घरे ज्याची जमीन जेवढी त्या मापाने अ, ब, क अशी वाटली, त्यामुळे जुने शेजारी गावभर विखुरले. पाव्हण्याला घर सांगताना लोक अजून "चिंचेपासून तिसरं" म्हणतात. चिंच तिकडे राहिली आहे.

माझ्या समोर ज्ञानोबा आणि सरजाबाईचे घर आले आहे. जुन्या गावात त्यांची वस्ती ओढ्यापलीकडे होती. आता दार उघडले की त्यांचे दार दिसते. सरजाबाई रोज भाकरी पाठवते. नको म्हटले की, "मास्तर, पीठ जास्तच भिजलंय," म्हणते. तीन वर्षे तिचे पीठ जास्त भिजते आहे.

एसटी मात्र अजून जुन्या गावालाच थांबते. तिथे ढिगारे आणि वेड्या बाभळी आहेत, मधे डेपोचा थांब्याचा खांब उभा आहे. लातूरला जायचे तर तीन किलोमीटर चालत तिथे जायचे. पहिली गाडी पहाटे साडेपाचला, अंधारात.

ज्ञानोबाची मुलगी मनिषा माझ्या दहावीच्या वर्गात आहे. तिच्यासारखी मुलगी मी बावीस वर्षांत पाहिली नाही. तिला लातूरला अकरावी सायन्सला जायचे आहे. रोज अपडाऊन करीन म्हणते. सरजाबाई नाही म्हणते. तिचा मोठा मुलगा नागसेन त्र्याण्णवच्या भूकंपात त्याच जुन्या वस्तीत भिंतीखाली गेला. मला म्हणाली, "एक लेकरू त्या जागेनं घेतलं. दुसरं मी अंधारात तितं उभं करनार न्हाई. शिकली न्हाई तर न्हाई." मी काय बोलणार. तुझ्या अक्काला, गोदावरीला, मी तिथेच ठेवून आलो आहे. दिवसा जातानाही माझी पावले जड होतात.

म्हणून डेपोत जाऊन आलो. तिथले साहेब म्हणाले, रस्ता झाला आहे, पण गावात हजार माणूस पाहिजे. तेवढे असेल तर मुक्कामी गाडी देऊ. म्हणजे संध्याकाळी गाडी गावात येणार, रात्री शाळेपुढे थांबणार आणि पहाटे गावातूनच निघणार. भूकंपानंतर गावात नेमके किती लोक आहेत हे कोणालाच माहीत नाही. भूगोलाचा उपक्रम म्हणून मुलांकडून मोजून घेतो आहे.

तुझ्या मनस्विनीचा लातूरला अभ्यास कसा चालला आहे? कळव.

उद्धव

---

नांदेड,
२ डिसेंबर १९९८

ती. दाजी यांस सा. न.

पत्र आले की भूगोलाचा धडा? यांना वाचून दाखवले तर म्हणाले, "खाली स्वाध्याय द्यायचे राहिले तुझ्या दाजींचे." शेवटी तब्येतीचे एक अक्षर नाही. सीमा, जमीन, पाणी सगळे आहे, दाजी कुठे आहेत त्यात?

मनस्विनी बारावीला आहे. लातूरचे तुम्हाला काय सांगू! सबंध गल्लीत घर असे राहिलेच नाही, सगळ्या खोल्या आणि मेस. विजेच्या प्रत्येक खांबावर क्लासची पाटी. पहाटे चारला मुली बादल्या घेऊन रांगेत. आम्ही नांदेडकर तिथे लेकरे ठेवून येतो आणि घरी येऊन रडतो.

मी सरळ बोलते. अक्का गेल्यानंतर तुम्ही त्या माळावर का राहताय ते मला कळत नाही. तुमचे घर नांदेडला, भावंडे नांदेडला. यांच्या ओळखीने जिल्हा बदलून मिळेल. तुम्ही फक्त हो म्हणा.

आणि त्या मनिषाचे एवढे काय घेऊन बसलात? मनस्विनीच्या खोलीत तिसरी खाट बसते. जूनमध्ये तिला तिथेच पाठवा. घरमालकीण चांगली आहे, मी बोलते. गाडीबिडीची भानगडच नको.

देविका

---

सावरखेडी,
२० जानेवारी १९९९

चि. सौ. देविकास आशीर्वाद.

खोलीचे ज्ञानोबाला सांगितले. तो म्हणाला, "तुमच्या मेव्हनीला माजा जयभीम कळवा." सरजाबाई मनिषाच्या अंथरुणाचे बघायला लागली आहे. तू बोलून ठेव.

तब्येत बरी आहे.

गणतीचे काम फसले. सविस्तर लिहितो.

मुलांच्या नऊ तुकड्या केल्या होत्या. प्रत्येक तुकडीकडे घरांच्या दोन रांगा. दारात जाऊन विचारायचे, "तुमच्या घरात माणसं किती?" आकडा आला एक हजार चारशे पस्तीस. मुले नाचली. मीही बेरीज पुन्हा न तपासता डेपोत घेऊन गेलो.

साहेबांनी कपाटातून एक्क्याण्णवच्या जनगणनेचे पुस्तक काढले. त्यात आपले गाव चौदाशे एकोणीस आहे. ते माझ्याकडे बघत राहिले. म्हणाले, "मास्तर, मग भूकंपात तुमच्या गावचं गेलं कोण?" बाजूचे दोघे हसले. त्यांचा दोष नाही. कोणीही हसले असते. साहेब म्हणाले, "गाडीसाठी लोक काहीही आणतात कागदावर. तुम्ही शिक्षक आहात." मी कागद घेऊन परत आलो.

दुसऱ्या दिवशी मुलांबरोबर स्वतः निघालो. आधी समोरच्या घरी. सरजाबाईचे घर चार माणसांचे लिहिले होते. ज्ञानोबा, ती, मनिषा. मी विचारले, "चौथं कोण?" ती माझ्याकडे बघत राहिली. मी पुढे विचारले नाही.

घरोघर तेच होते. खोटे कोणी बोलले नव्हते. माणसे किती म्हटल्यावर जो आकडा तोंडात बसला आहे तो त्यांनी सांगितला. सहा म्हणजे सहा. त्यातली दोन जुन्या गावात राहिली, हे त्या वेळी कोणाच्या मनात आले नाही. मधल्या काळात लेकरे झाली, सुना आल्या, त्याही मोजल्या. म्हणून आकडा जुन्याहून वर गेला.

मी मुलांना रागावणार होतो. मग माझ्या घराची, ब-४७ ची, ओळ दिसली. मनिषाच्या अक्षरात "दोन" लिहिले होते. ती दारात आली तेव्हा मी स्टोव्ह पेटवत होतो. तिने विचारले, मी दोन म्हणालो आणि चहाला पाणी ठेवले. ती तशीच लिहून गेली. तिला ठाऊक होते.

उद्धव

---

नांदेड,
१ फेब्रुवारी १९९९

ती. दाजी यांस सा. न.

पत्र वाचून लगेच लिहायला बसले. दोन ताटे वाढता का हो? खरे सांगा. सगळे गाव असे झाले असेल तर तुम्ही त्या गावात एक दिवस राहू नका.

अक्का माझी सख्खी बहीण. ती गेल्यापासून मी एकदाही तिकडे फिरकले नाही, कारण माझ्याने बघवणार नाही. इथे माणसे विचारतात, बहिणी किती, मी आता एकच म्हणून सांगते, दोन नाही. म्हणजे मला ती नको झाली असे आहे का?

सोबत बदलीचा अर्ज पाठवते आहे. सगळे यांनी भरले आहे. सही तेवढी करा आणि उलट टपाली पाठवा. मार्चनंतर उपयोग नाही.

मनिषाच्या खोलीचे मात्र जमत नाही. मालकीण म्हणाल्या, जागा भरली. त्यांना वाईट वाटले. मलाही वाटले.

देविका

---

सावरखेडी,
२५ मार्च १९९९

चि. सौ. देविकास आशीर्वाद.

अर्ज परत पाठवतो आहे. सही केली नाही. राग धरू नकोस. दोन ताटे वाढत नाही. एकच वाढतो, तेही सरजाबाईच्या भाकरीवर.

खोलीचे मी समजलो. सरजाबाईला "जागा भरली" एवढेच सांगितले. ती म्हणाली, "भरली म्हंजी आडनाव इचारलं आसंल." मग तिने बांधून ठेवलेली गोधडी सोडली आणि उन्हात टाकली. त्यानंतर दोन दिवस मनिषा शाळेत आली नाही. तिसऱ्या दिवशी आली ते थेट माझ्या टेबलाजवळ. म्हणाली, "सर, गाडीच आणू. परत मोजू." तेव्हा तिची परीक्षा तीन आठवड्यांवर होती.

मी सरपंचांना सांगून शाळेच्या मैदानावर गाव बोलावले. मला सभेत बोलता येत नाही, तुला माहीत आहे. पण सुरुवात कोणी करीना. शेवटी उभा राहिलो. म्हणालो, "ब सत्तेचाळीस. मी आधी दोन सांगितले होते. माझ्या घरात एक माणूस आहे. एक लिहा."

एवढेच बोलून खाली बसलो.

बायकांच्या बाजूला कोणीतरी हुंदका दिला. मग सरजाबाई उठली. म्हणाली, "लिव मने. ज्ञानोबा, मी, तू. तीन." मनिषाने लिहिले. तिच्या हाताकडे मी बघितले नाही. त्यानंतर एकेक घर उठत गेले. पाच म्हणाले, तीन म्हणाले. एक म्हातारे उठले, एक बोट वर केले आणि बसले. ऊन डोक्यावर आले तरी कोणी हलले नाही. देविका, एवढ्या वर्षांत आम्ही एकमेकांपुढे हे कधी बोललो नव्हतो. सरकारी माणसांना सांगितले होते. एकमेकांना नाही.

बेरीज आली नऊशे शेहेचाळीस.

चोपन्न कमी. लोक मान खाली घालून बसले. एवढे सगळे करून गाडी नाहीच.

तेव्हा मनिषाने विचारले, "सर, खाणीवरची घरं कोणत्या तुकडीकडं होती?"

कोणत्याच नव्हती. मुलांनाही कोणी सांगितले नव्हते आणि माझ्याही ध्यानात आले नव्हते. खाणीजवळ कर्नाटकातल्या भालकीकडून आलेल्या गवंड्यांची वस्ती आहे. मलप्पा त्यांचा मुकादम. हे गाव बांधायला आले आणि राहिले. मागून एक जण ओरडला, "ते आपल्या गावचे न्हाईत. आज हायेत, उद्या काम सरलं की चालले भालकीला."

सरजाबाई पुन्हा उभी राहिली. "का रं? तुज्या डोस्क्यावरचं छत कुनी टाकलं? तवा तू तंबूत बसून सरकारचा तांदूळ खात हुतास अन् ते उन्हात दगड घडवीत हुते. आमची घरं बी वढ्याच्या पल्याड हुती. मग आमी बी गावचे नव्हतो का? बोल की!"

सरपंच उठले आणि टोपी घालून खाणीकडे चालू लागले. त्यांच्या मागे सगळी सभा निघाली.

एवढे लोक येताना बघून मलप्पा हात जोडून पुढे आला. "घरं पाडायला आले का मास्तर? आठ दिवस द्या." मी म्हणालो, "मोजायला आलो आहे." त्याला पटेना. त्याची बायको कमलम्मा बाळाला घेऊन उंबऱ्यात बसली होती. मी विचारले, "तुमचं गाव कोणतं लिहू?" तिने मान वर केली आणि म्हणाली, "नम्म ऊरु इदे." आमचे गाव हेच. मुलांना कानडी येत नाही, पण तिने हात जमिनीवर ठेवून सांगितले, त्यामुळे सगळ्यांना कळले.

त्या वस्तीत एकाहत्तर माणसे निघाली. बेरीज एक हजार सतरा.

पोरांनी जी आरोळी ठोकली ती नदीपर्यंत गेली असेल. मलप्पाला दोघांनी खांद्यावर घेतला. तो "खाली सोडा, कंबर दुखते" म्हणून ओरडत होता आणि हसत होता. ज्याने "ते आपल्या गावचे न्हाईत" म्हटले होते तोच पुढे होऊन गूळ वाटत होता.

अर्जावर सही का केली नाही ते आता लिहितो. केली असती तर एक हजार सोळा झाले असते. तरी चालले असते. पण मला तो एक कमी करावासा वाटला नाही.

उद्धव

---

नांदेड,
१८ जून १९९९

ती. दाजी यांस सा. न.

अर्ज मी फाडून टाकला. यांनाही सांगितले, दाजींच्या मागे पुन्हा लागायचे नाही.

तुम्ही खोलीचे समजलात आणि मला एका शब्दाने बोलला नाहीत. सरजाबाईंचे बरोबर होते. मालकिणीने आडनावच विचारले होते. मी चहा पिऊन उठून आले. बारावी होईपर्यंत तोंड दाबून बसले, पण आता मनस्विनीने ती खोली सोडली. जाताना तिनेच मालकिणीला कारण सांगितले. मी मागे उभी होते, मला पोरीची भीतीच वाटली. अगदी अक्कासारखी बोलली, हळू आणि न थांबता.

तिला चांगले मार्क पडले. फार्मसीला जाईल. तिची सगळी पुस्तके मनिषासाठी बांधून ठेवली आहेत. दहावीचा निकाल आता लागेल. मनिषाचे लगेच कळवा. आणि गाडीचे काय झाले? तुमचे साहेब हजार सतरावर तरी हसले नाहीत ना?

देविका

---

सावरखेडी,
१६ जुलै १९९९

चि. सौ. देविकास आशीर्वाद.

मनिषाला सत्त्याऐंशी टक्के. केंद्रात पहिली. भूगोलात सर्वांत जास्त, हे मी मुद्दाम लिहितो आहे. लातूरला अकरावी सायन्सला नाव लागले.

साहेब हसले नाहीत. आकडा बघून म्हणाले, "या वेळी कमी कसा झाला?" मी म्हणालो, "या वेळी बरोबर मोजला." ते मग स्वतः आले. पाच-सहा घरी उभे राहिले, खाणीवर गेले. सरजाबाईकडे चहा घेतला. तिने न विचारताच सांगितले, "तीन हाव साहेब. आदी चार हुतो." त्यांनी कप खाली ठेवला. त्यानंतर एकही घर तपासले नाही. जाताना मला म्हणाले, "जानेवारीत मी बोललो ते विसरा." मी म्हणालो, चालायचेच.

काल संध्याकाळी गाडी आली.

चार वाजल्यापासून गाव रस्त्यावर होते. आधी धुरळा दिसला, मग हॉर्न. पुढच्या काचेवर पाटी, लातूर-नवी सावरखेडी. मनिषाने ती मोठ्याने वाचली आणि मग सगळी शाळा वाचू लागली. मलप्पाने चाकापुढे नारळ फोडला. ड्रायव्हरला एवढे हार घातले की त्याला समोरचे दिसेना, तो म्हणाला, "अरे, मला जिवंत राहू द्या!" म्हाताऱ्या बायका आत चढून बसल्या आणि उतरेनात. कंडक्टर म्हणाला, "मावशे, कुठं जायचं?" त्या म्हणाल्या, "कुटंच न्हाई. बसायचंय." शेवटी त्यांना घेऊन गाडीने गावाला एक फेरी घातली. अ रांगा, ब रांगा, क रांगा आणि खाणीवरची घरे. एवढ्या रुंद रस्त्यांना आम्ही इतकी वर्षे नावे ठेवली. काल गाडी प्रत्येक वळणावर सहज वळली.

आज पहाटे मनिषा गेली. सरजाबाई गाडीच्या दारात कंडक्टरला सांगत होती, "पोरगी माजी हाय. उभी ठिऊ नको." तिने जुन्या जागेचे नाव काढले नाही. गाडी गेल्यावर माझ्याकडे वळून म्हणाली, "मास्तर, च्या घ्या. दूध जास्तच झालंय."

मी शाळेच्या भिंतीवर गावाचा नकाशा रंगवायला घेतला आहे. पूर्वीचे गाव पश्चिमेला काढले आहे, फिकट रंगात.

पुस्तके घेऊन तूच ये. लातूरहून गाडी थेट गावात येते.

उद्धव

---

नांदेड,
३० ऑगस्ट १९९९

ती. दाजी यांस सा. न.

सुखरूप पोचले. भाकरी वाटेत संपल्या, सरजाबाईंना सांगा. चटणीचा डबा मात्र परत करणार नाही.

चार दिवस तिथे होते आणि एक गोष्ट तुम्हाला सांगितली नाही. समोर बसून सांगता आली नसती.

तुमच्याकडे येताना लातूरला मनिषा भेटली. पुस्तकांचे ओझे तिनेच वर चढवले आणि मला खिडकी दिली. गाडीत सगळी तुमच्याच गावची पोरे. एक जण रसायनाची व्याख्या पाठ करत होता, दुसरा त्याच्या चुका काढत होता. मला हसू येत होते. नदीचा पूल ओलांडला आणि ती वाट ओळखीची वाटायला लागली. अक्काच्या घरी जायची वाट. दर उन्हाळ्यात याच वळणावर मी पिशवी हातात घेऊन उभी राहायची.

गाडी थांबली. तो कंडक्टर जुना होता, त्याने सवयीने आवाज दिला, "सावरखेडी, चला सावरखेडी!"

मी उठले. खरेच उठले दाजी, पिशवी हातात. बाहेर बाभळी होत्या आणि थांब्याचा खांब. पाय पुढे टाकणार, तोच मागून मनिषाने हात धरला.

"मावशी, बसा," म्हणाली. "गाव पुढं हाय."

कोणीच उतरले नाही. कंडक्टर स्वतःशीच हसला आणि त्याने डबल बेल दिली.

देविका